मोटा पंधरा, विहीर एक

१६ जुलै २०२१, शुक्रवार. दुपारी एक वाजता दहावीचा निकाल. कोरोनामुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती. शाळांनी अंतर्गत मूल्यमापन करून गुण पाठवले होते आणि राज्याचा निकाल लागला होता ९९.९५ टक्के. म्हणजे नापास होण्याची धास्ती जवळपास कुणालाच नव्हती. तरीही सुमारे पावणेसोळा लाख मुले, त्यांचे आईबाप, मामा, आत्या, शेजारी आणि क्लासचे सर असे सगळेजण घड्याळाचा काटा एकवर जाण्याची वाट पाहत बसले होते. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे मिळून मंडळाचा कोल्हापूर विभाग होतो. त्या विभागातल्या माणच्या वाडीपासून मिरजेच्या पेठेपर्यंत चित्र एकच होते : हातात मोबाइल, कागदावर लिहिलेला आसन क्रमांक आणि पडद्यावर फिरणारे चक्र.

एक वाजला आणि मंडळाने जाहीर केलेली दोन्ही संकेतस्थळे उघडेनाशी झाली. दोन वाजले, तीन वाजले. मुलांना गुण दिसायला संध्याकाळ उजाडली. शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी चौकशीचे आदेश दिले. नंतर अकरावीच्या सामायिक परीक्षेच्या नोंदणीचे संकेतस्थळही सुरू होताच अडखळले आणि काही दिवस बंद ठेवावे लागले. (ती परीक्षा पुढे ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने रद्दच केली, हा भाग वेगळा.)

'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आता आपल्या बोलीतलेच झाले आहे. सेतू केंद्रात, तलाठी कार्यालयात, रेशनच्या दुकानात ते इतक्या सहजपणे कानावर पडते, की पूर्वी 'साहेब दौऱ्यावर आहेत' ऐकून माणूस जसा मुकाट मागे फिरत असे, तसाच आज फिरतो. पण साहेब दौऱ्यावर असले तर दुसऱ्या दिवशी भेटत. पीकविम्याची शेवटची तारीख मात्र दुसऱ्या दिवशी भेटत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा गावोगावच्या सेवा केंद्रांपुढे बायकांच्या रांगा रात्रीपर्यंत हलत नव्हत्या. त्यातल्या कितीतरी जणी भांगलणीची मजुरी बुडवून आल्या होत्या. शहरातल्या माणसाला वाटते, संकेतस्थळ बंद म्हणजे पाच मिनिटांचा वैताग. जत किंवा आटपाडीच्या एखाद्या वाडीवरून पंधरा-वीस किलोमीटर आलेल्या बाईला तो एका दिवसाचा रोज असतो.

मग प्रश्न पडतो : निकाल कधी लागणार, हे तर आधीच ठाऊक असते. मुले किती, तेही ठाऊक असते. मग जास्तीची यंत्रे आणून का ठेवत नाहीत?

आणता येतात. पण वर्षातल्या दोन दुपारांसाठी आणलेली ती यंत्रे उरलेले ३६३ दिवस वीज खात, धूळ खात बसणार. लग्नाला हजार माणसे येतात म्हणून कुणी घरात हजार ताटे विकत घेऊन ठेवत नाही, भाड्याने आणतो. संगणकाच्या जगात ही भाड्याची भांडी मिळायची सोय झाली ती २००६ मध्ये. पुस्तके विकणाऱ्या ॲमेझॉन कंपनीने त्या वर्षी आपली संगणकशक्ती तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. यंत्र दुसऱ्याच्या इमारतीत. आपण फक्त वापरायचे आणि वापरले तेवढे पैसे मोजायचे. यालाच 'क्लाऊड' म्हणतात. नाव ढगाचे असले, तरी प्रत्यक्षात ती जमिनीवरची, थंड हवेत ठेवलेली, अवाढव्य गोदामेच असतात. २०१६ पासून ॲमेझॉनची अशी गोदामे मुंबईतही आहेत. मायक्रोसॉफ्ट आणि गुगलही या धंद्यात आहेत.

भाड्याने मिळतात म्हटल्यावर पुढची पायरी ओघानेच आली. गर्दी वाढली की कुणीतरी रात्री उठून आणखी यंत्रे मागवायची आणि ओसरली की परत करायची, हे काम माणसाने का करावे? २००९ च्या मे महिन्यात ॲमेझॉनने ते आपोआप होण्याची व्यवस्था दिली. तिचे नाव 'ऑटोस्केलिंग'. मराठीत 'स्वयंचलित विस्तार' म्हणता येईल. पण विस्तार हा अर्धाच भाग आहे, आकसणे हा दुसरा, आणि पैसे त्या दुसऱ्या भागात वाचतात.

ही कल्पना साताऱ्याच्या माणसाला नवी वाटायचे कारण नाही. पाटण तालुक्यातल्या कोयनानगरला जाऊन या. शिवसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात पोफळी-अलोरेकडे उतरवून त्यावर वीज केली जाते. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे वीजगृह मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. त्यातला चौथा टप्पा एकटाच एक हजार मेगावॉटचा, अडीचशेची चार जनित्रे. पण ही सगळी जनित्रे चोवीस तास फिरत नाहीत. कोळशाच्या केंद्रातला थंड बॉयलर तापवून त्यावर वीज करायला कित्येक तास लागतात. त्यामुळे ती केंद्रे एकदा पेटवली की चालूच ठेवावी लागतात. पाण्याचे जनित्र काही मिनिटांत वेग घेते. म्हणून संध्याकाळी घराघरांत दिवे लागले, पंप सुरू झाले, मागणी चढली की कोयनेची जनित्रे एकापाठोपाठ एक जोडायची आणि रात्री मागणी उतरली की बंद करायची. राज्याच्या विजेचा रोजचा चढउतार सांभाळण्याचे काम कोयना १९६० च्या दशकापासून करीत आली आहे. मागणी पाहून जनित्र जोडणे आणि सोडणे, हेच ते ऑटोस्केलिंग.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कोयनेचे पाणी पश्चिमेकडे हवे तितके सोडता येत नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्याला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. मागणी कितीही वाढो, या रेषेपलीकडे जायचे नाही. ऑटोस्केलिंग बसवतानाही अशी एक वरची रेषा आखावी लागते. ती न आखणारा माणूस महिनाअखेरचे बिल पाहून हबकतो. तिच्याविषयी पुढे येईलच.

आता प्रत्यक्षात हे बसवतात कसे, ते पाहू. सांगली ही विष्णुदास भाव्यांची नगरी. १८४३ मध्ये त्यांनी इथे 'सीता स्वयंवर' रंगवले आणि तेव्हापासून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. तेव्हा उदाहरणही नाटकाचेच घेऊ. समजा, सांगलीतल्या एका संस्थेने नाट्यमहोत्सवाची तिकिटे संकेतस्थळावरून विकायची ठरवली. एरवी दिवसाला दोनशे माणसे तिथे डोकावतात. विक्री मात्र रविवारी सकाळी नऊला सुरू होणार, आणि तेव्हा काही हजार रसिक एकदम येणार.

पहिले काम : एका यंत्रावर सगळी आज्ञावली नीट बसवून त्याचा साचा करायचा. गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढतात, तशी या साच्यातून हवी तितकी हुबेहूब यंत्रे उभी करता येतात. साचा जितका पूर्ण, तितके नवे यंत्र लवकर कामाला लागते. उभे राहिल्यावर इथून हे उतरव, तिथून ते आण, असे यंत्राला सांगून ठेवले, तर ते तयार होईपर्यंत रसिक कंटाळून गेलेले असतात.

दुसरे काम म्हणजे दारात एक नियंत्रक बसवणे. एसटी स्थानकावरचे नियंत्रक जसे 'ही भरली, तुम्ही त्या गाडीत बसा' असे सांगतात, तसा हा येणाऱ्या प्रत्येकाला मोकळ्या यंत्राकडे पाठवतो. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. तो मधूनमधून प्रत्येक यंत्राला हाक मारून पाहतो. ओ आली नाही, की तिकडे माणसे पाठवणे बंद.

तिसरे काम, तीन आकडे ठरवणे. कमीत कमी यंत्रे किती, जास्तीत जास्त किती आणि प्रत्येक यंत्रावर किती भार आला की नवे मागवायचे. आपल्या संस्थेसाठी समजा कमीत कमी दोन (एक बंद पडले तर दुसरे हवे), जास्तीत जास्त दहा आणि भार पन्नास टक्के. हिशेब अगदी शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. चार यंत्रे चालू आहेत आणि प्रत्येकावर पंचाहत्तर टक्के भार आहे. तो पन्नासवर आणायचा. चार गुणिले पंचाहत्तर भागिले पन्नास, म्हणजे सहा. आणखी दोन यंत्रे मागवा. गुगलने जगाला दिलेल्या 'कुबरनेटीस' या प्रणालीत हा हिशेब दर पंधरा सेकंदांनी होत असतो.

इथे कुणीही काटकसरी माणूस विचारेल, 'पन्नासच का? पंचाण्णव टक्के का नको? निम्मे यंत्र रिकामे ठेवायचे पैसे कशाला मोजायचे?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षे जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा एक गणिती होता. किती ग्राहकांमागे किती तारा ठेवाव्यात, याचा विचार करताना त्याने रांगेचे गणित मांडले. पहिला निबंध १९०९ चा. त्याच्या वाटेने पुढे सिद्ध झालेली एक गोष्ट अशी : पोस्टात एका खिडकीवर प्रत्येक माणसाला सरासरी एक मिनिट लागते आणि माणसे आपल्या लहरीने येतात, असे धरा. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर रांग आणि काम मिळून माणसाची सरासरी दोन मिनिटे जातात. खिडकी ऐंशी टक्के गुंतली, तर पाच मिनिटे. नव्वदला दहा. पंचाण्णवला वीस. नव्व्याण्णव टक्क्यांना शंभर मिनिटे! म्हणजे ऐंशीपर्यंत कुणाला काही जाणवत नाही आणि शेवटच्या थोड्या टक्क्यांत सगळा डोलारा कोसळतो. बँकेतला कारकून 'आत्तापर्यंत तर ठीक चालले होते, अचानक काय झाले कळत नाही' असे म्हणतो, ते यामुळेच. अचानक काही झालेले नसते. रिकामे दिसणारे निम्मे यंत्र चैन म्हणून ठेवलेले नसते. नवी मदत पोचेपर्यंत तेच वेळ काढते.

कारण मदत पोचायला वेळ लागतो. भार वाढल्याचे मोजमाप साधारण मिनिटाने हाती येते, मग निर्णय होतो, मग यंत्र सुरू होते, मग नियंत्रक त्याला हाक मारून पाहतो. सगळे मिळून चार-पाच मिनिटे सहज जातात. गर्दी तासाभरात हळूहळू चढणारी असेल, तर एवढी सवड पुरते. पण निकाल एक वाजता लागतो. बारा एकोणसाठला कुणी नसते आणि एक वाजून दहा सेकंदांनी सगळे असतात. अशा वेळी आपोआप वाढणाऱ्या यंत्रणेला जाग येईपर्यंत जुनी यंत्रे गुदमरून पडलेली असतात. आणि पान उघडत नाही म्हणून प्रत्येकजण पुन्हा पुन्हा बटण दाबत असतो, त्यामुळे एका मुलाचे दहा मुलगे झालेले असतात. 'आमच्याकडे ऑटोस्केलिंग आहे' म्हणून निर्धास्त राहिलेले कित्येकजण नेमके इथेच तोंडघशी पडले आहेत.

यावर उपाय सांगलीकरांना शिकवायला नको. कोयनेचे पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तिथून आयर्विन पुलाखाली पोचायला बरेच तास घेते. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले. धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची. पाऊस पडल्यावर दरवाजे उघडायचे की अंदाज पाहून आधीच जागा करून ठेवायची, यावर तेव्हापासून किती चर्चा झाली, ते सांगली-मिरजेतल्या घराघराला माहीत आहे. धरणात अंदाज चुकू शकतो. निकालाची तारीख मात्र चुकत नाही. म्हणून एसटी जे करते ते करायचे. आषाढी एकादशी कधी ते पंचांगात छापलेले असते. पंढरपूरला जादा गाड्या सोडण्यासाठी सातारा किंवा सांगलीचा आगारप्रमुख फलाटावर चेंगराचेंगरी व्हायची वाट पाहत नाही. ऑटोस्केलिंगमध्येही असे वेळापत्रक देता येते : रविवारी पावणेनऊला यंत्रे दहा करा, साडेअकरानंतर पुन्हा भारावर सोडा.

पुराच्या पाण्यापासून शिकायची दुसरी गोष्ट म्हणजे धीर. वरून पाणी सोडले तर खाली लगेच दिसत नाही. दिसत नाही म्हणून आणखी सोडले, तर थोड्या वेळाने दोन्ही लोंढे एकदम येतात. यंत्रांचेही असेच. दोन नवी मागवली. ती अजून कामाला लागली नाहीत म्हणून भार कमी दिसत नाही. म्हणून आणखी चार मागवली. मग सगळी एकदम हजर, भार एकदम खाली, म्हणून पाच परत पाठवली, आणि पुन्हा भार वर. ही झोकांडी टाळण्यासाठी एकदा निर्णय घेतल्यावर थोडा वेळ गप्प बसायचा नियम घालतात. बहुतेक ठिकाणी ठरावीक आकडा तीनशे सेकंदांचा आहे. वाढताना चटकन वाढावे आणि कमी होताना सावकाश व्हावे, हा या धंद्यातल्या जाणत्यांचा शिरस्ता.

सावकाश का, याचे सर्वांत बोलके उदाहरण क्रिकेटने दिले. १० जुलै २०१९, मँचेस्टर, विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत विरुद्ध न्यूझीलंड. जडेजा बाद झालेला, सगळी भिस्त धोनीवर. हॉटस्टारवर त्या वेळी दोन कोटी त्रेपन्न लाख माणसे एकाच वेळी सामना पाहत होती. तो जागतिक विक्रम होता. मार्टिन गप्टिलचा थेट फेक, धोनी धावबाद. पुढे काय झाले असेल? घराघरांतून 'हात्तिच्या' झाले आणि लोकांनी फोनवर 'मागे जा'चे बटण दाबले. म्हणजे चित्र दाखवणाऱ्या यंत्रांवरचा भार क्षणात उतरला. पण ती माणसे फोन ठेवून गेली नव्हती, ती मुखपृष्ठावर आली होती! तेव्हा मुखपृष्ठ सांभाळणाऱ्या यंत्रांवर एकदम लोंढा. कुणी भोळेपणाने 'प्रेक्षक घटले, यंत्रे कमी करा' असे केले असते, तर सगळेच आडवे झाले असते. तिथल्या अभियंत्यांनी पुढे जाहीर भाषणांतून सांगितले, की त्यांनी तयार मिळणाऱ्या ऑटोस्केलिंगवर भिस्त ठेवलीच नव्हती. इतके लाख प्रेक्षक झाले की इतकी यंत्रे, अशा पायऱ्या स्वतः आखल्या होत्या आणि प्रत्येक पायरी प्रेक्षक येण्याआधी चढायची होती. २०२३ च्या अंतिम सामन्याला त्याच व्यासपीठावर एकाच वेळी पाच कोटी नव्वद लाख प्रेक्षक होते. निकाल त्याही दिवशी आपल्या बाजूने लागला नाही. पण चित्र थांबले नाही.

इथवर यंत्रे वाढवण्याची गोष्ट झाली. आता विहिरीची.

पुण्याहून साताऱ्याकडे येताना महामार्गापासून आत लिंब गाव आहे. तिथली बारा मोटेची विहीर अनेकांनी पाहिली असेल. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. नाव बारा मोटेची असले, तरी मोटा लावायच्या जागा पंधरा आहेत. आमराईला पाणी जास्त हवे, तर बैलजोड्या वाढवा आणि एकाच वेळी पंधरा मोटा चालवा. बांधणाऱ्याची दृष्टी पाहून आजही थक्क व्हायला होते. पण मोटा पंधरा असल्या तरी झरा एकच. सोळाव्या, विसाव्या मोटेने पाणी वाढत नाही; तळ तेवढा लवकर दिसतो.

संकेतस्थळाच्या तळाशी असाच एक झरा असतो. त्याला डेटाबेस म्हणतात. कोणत्या खुर्चीचे तिकीट कुणाला गेले, कुणाचे पैसे आले, ही नोंद एकाच ठिकाणी व्हावी लागते. नाहीतर एकच खुर्ची दोघांना विकली जाणार आणि नाटकाआधी प्रेक्षागृहात वेगळेच नाटक होणार. पुढची यंत्रे दोनाची दहा झाली, की त्या झऱ्यावर दहा मोटा पडतात. दहाही यंत्रे ठणठणीत, भार जेमतेम तीस टक्के, आणि तरीही पान उघडत नाही, हा प्रकार पाहिलेल्याला कारण लगेच कळते. यंत्रे रिकामी दिसतात, कारण ती सगळी झऱ्याशी मोट बुडायची वाट पाहत उभी असतात. अशा वेळी घाबरून आणखी यंत्रे वाढवणे म्हणजे कोरड्या विहिरीवर आणखी बैल जुंपणे.

म्हणून काम करण्याआधी विचारायचे, की प्रत्येक पोहऱ्यासाठी विहिरीपर्यंत जायलाच हवे का? दहावीचा निकाल पाहा. तो एकदा लागला की बदलत नाही. पावणेसोळा लाख गुणपत्रिका आदल्या रात्री तयार करून ठेवल्या आणि ठिकठिकाणी हौद भरल्यासारख्या देशभरच्या साठवणीत ठेवून दिल्या, तर एक वाजता विहिरीकडे कुणी फिरकायचेच नाही. माझ्या मते निकालाच्या बाबतीत ऑटोस्केलिंगपेक्षा हे हौदच निम्म्याहून अधिक दुखणे बरे करतात, आणि खर्चही थोडा. अलीकडे मंडळाचा निकाल डिजिलॉकरसकट अनेक संकेतस्थळांवर एकाच वेळी मिळतो, ती वाट याच दिशेची आहे. तिकिटांचे मात्र तसे नाही. खुर्ची विकली की आकडा बदलतो, त्यामुळे विहिरीवर जावेच लागते. तिथे दारातच टोकन देऊन माणसांना ठरावीक वेगाने आत सोडणे हाच शहाणपणा. 'आपल्या पुढे ४१२ जण आहेत' असे पडद्यावर दिसले, तर माणूस शांत बसतो. फिरते चक्र पाहून तो बसत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यात नवखी मुले हटकून अडकतात. किराणा दुकानातला एखादा नोकर उधारी स्वतःच्या खिशातल्या वहीत लिहितो. तो सुट्टीवर गेला की उधारीही गेली. यंत्रांनाही ही खोड असते : ग्राहकाने निवडलेली खुर्ची, त्याने भरलेले नाव हे सगळे ज्या यंत्राने पाहिले त्याच्याच पोटात राहते. मग गर्दी ओसरली, ते यंत्र परत गेले, की अर्ध्यावर आलेला ग्राहक पुन्हा पहिल्या पानावर. वही गल्ल्यावर ठेवायची, कुणाच्या खिशात नाही, एवढा नियम पाळला की कोणतेही यंत्र केव्हाही येऊ-जाऊ शकते. हा नियम पाळलेला नसेल, तर ऑटोस्केलिंग बसवू नये, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

यंत्रे वाढवून न सुटणारा प्रश्न आपण सगळ्यांनी एकदा एकत्र अनुभवला आहे. २८ एप्रिल २०२१, दुपारचे चार. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविनवर लसीची नोंदणी सुरू झाली. पहिल्या झटक्याला यंत्रणा अडखळली, ओटीपी येईनात. पण काही वेळात ती सावरली. सुरुवातीला मिनिटाला सत्तावीस लाख विनंत्या येत होत्या आणि त्या दिवसात सव्वा कोटीहून अधिक माणसांची नोंद झाली. एवढा भार पेलणे ही मोठीच गोष्ट होती, ते मान्य करायला हवे. पण नोंद झाली तरी लस कुठे होती? साताऱ्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्राच्या मोजक्या जागा खुल्या व्हायच्या आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपायच्या; पुण्या-मुंबईची चपळ बोटे त्या टिपून न्यायची आणि गावातला म्हातारा तसाच राहायचा. मे महिन्यात तर तुटवड्यामुळे राज्याला अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. संकेतस्थळ लवचिक होते. लसीच्या कुप्या नव्हत्या. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत संकेतस्थळावरून नोंदणी करून ठरावीक पर्यटकांनाच सोडतात, तिथेही तेच आहे. यंत्रे दहाची शंभर करा, पठार काही मोठे होत नाही. आणि ते तुडवले जाऊ नये म्हणूनच तर ती नोंदणी.

आता पैशांचा हिशेब. वर्षाचे तास ८,७६०. दहा यंत्रे वर्षभर चालू ठेवली, तर ८७,६०० यंत्र-तासांचे भाडे. दोन वर्षभर आणि जास्तीची आठ फक्त गर्दीचे पन्नास तास, तर १७,५२० अधिक ४००, म्हणजे १७,९२०. जेमतेम एकपंचमांश. लहान संस्थेला, पतपेढीला, महाविद्यालयाला ही बचत म्हणजे एका माणसाचा पगार असू शकतो. मात्र कमाल मर्यादेचा आकडा भरायला विसरू नये. आज्ञावलीत एखादी चूक राहिली, किंवा कुणी खोडसाळपणे यंत्रांकरवी खोटी गर्दी लोटली, तर ऑटोस्केलिंगला खरा रसिक आणि खोटा रसिक यातला फरक कळत नाही; ते आज्ञाधारकपणे यंत्रे वाढवत राहते आणि मीटर पळत राहते. कोयनेला लवाद आहे. इथे लवाद आपणच. शिवाय बिल ठरावीक रकमेवर गेले की फोनवर सूचना येईल, अशी सोय सगळ्या कंपन्या देतात. ती पहिल्या दिवशी चालू करावी.

सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी १९६० चे. ही सगळी कामे करणारी मुले याच दोन जिल्ह्यांतून घडून पुण्या-बंगळुरात बसली आहेत. काहीजण गावी राहूनही करतात. उणीव कसबाची नाही, काम सांगणाऱ्याच्या कागदाची आहे. संकेतस्थळाच्या निविदेत 'दोन सर्व्हर, इतकी मेमरी, इतकी डिस्क' असे लिहिलेले असते. 'एका मिनिटात किती माणसे आली तरी पान तीन सेकंदांत उघडले पाहिजे' हे मात्र नसते. पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी काय होईल, हेही नसते. जे मागितले नाही, ते कंत्राटदार कशाला देईल?

आणि रंगीत तालीम. नाटकवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. विक्रीच्या आठ दिवस आधी, रात्री दोन वाजता, आपल्याच संकेतस्थळावर बनावट रसिकांची झुंबड सोडायची. त्यासाठी फुकट मिळणारी साधने आहेत. आधी पाचशे, मग दोन हजार, मग अपेक्षेच्या दुप्पट. तिसरे यंत्र केव्हा मागवले गेले आणि पहिल्या रसिकाला त्याने केव्हा उत्तर दिले, हे घड्याळ लावून टिपून ठेवायचे. मधेच एक यंत्र मुद्दाम बंद करून पाहायचे. विहिरीचे पाणी किती खाली जाते, तेही पाहायचे. यंत्रे तयार व्हायला सात मिनिटे लागली, तर वेळापत्रकातले पावणेनऊ चालतील. वीस लागली, तर तिथे साडेआठ लिहायचे.